कोपऱ्यातलं घड्याळ

टिकटिककाकांची साक्ष अकरा वाजता होती. दहाला वीस मिनिटं कमी असताना त्यांच्या सुनेने भिंतीवरचं बटण दाबलं, मग संगणकाच्या डब्याचं दाबलं. पडदा उजळला, पण जिथे वायफायच्या वाकड्या रेघा दिसायला हव्या होत्या तिथे पृथ्वीच्या गोळ्यावर एक फुली बसलेली होती.

"बाबा, नेट लागत नाहीये."

"लागेल गं. सकाळी मलाही उभं राहायला वेळ लागतो," काका म्हणाले.

ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी वॉकर होता आणि मांडीवर कापडी पुठ्ठ्याची जाडजूड वही. शर्टाचं वरचं बटण त्यांनी आठ वाजल्यापासून लावून ठेवलं होतं. कोर्टासमोर गळा उघडा दिसायला नको म्हणून.

काका घड्याळं दुरुस्त करत. बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत घ्यावं, एवढंच. एकेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून ते तिथे बसले, आणि दीड महिन्यापूर्वी त्याच दुकानाच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली, डॉक्टरांनी जिना बंद केला. म्हणून कोर्टाने त्यांना घरी बसून, संगणकावरून साक्ष द्यायची परवानगी दिली होती.

साक्षही घड्याळाचीच. शहरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे दिवसरात्र राहून त्यांची सेवा करणारा एक मदतनीस होता. दोन वर्षं त्याने त्यांचं सगळं केलं. गृहस्थ गेले, आणि तेराव्या दिवशी त्यांच्या पुतण्याने पोलिसांत तक्रार दिली की आपल्या काकांचं जुनं, किल्लीचं, स्टीलचं मनगटी घड्याळ मदतनिसाने लांबवलं. पोलिसांना तसलं घड्याळ मदतनिसाच्या मनगटावरच सापडलं. तो सांगत राहिला, हे माझ्या वडिलांचं आहे, ते बस चालवायचे. पण वडील हयात नव्हते, पावती कुठून आणणार? जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही. चार महिने तो कोठडीत होता.

त्याची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनी त्याला शंभर प्रश्न विचारले तेव्हा कुठे एक गोष्ट हाती लागली. कॉलेजात असताना हे घड्याळ त्याच्या हातून पडलं होतं आणि त्याने बाजारातल्या टिकटिककाकांकडून दुरुस्त करून घेतलं होतं. वकीलबाई घरी आल्या. काकांना ना त्या पोराचा चेहरा आठवला, ना घड्याळ. पण त्यांनी सुनेला माळ्यावरच्या वह्या काढायला लावल्या, आणि तिसऱ्या वहीत ती नोंद सापडली. अकरा वर्षांपूर्वीची.

आता सगळा खेळ या नोंदीवर होता. आणि नेट लागत नव्हतं.

सुनेने आधी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग स्वयंपाकघराच्या दारावर, वीतभर लाकडी फळीवर ठेवलेली वायफायची डबी बंद करून चालू केली. तिचे सगळे हिरवे दिवे शहाण्या मुलांसारखे ओळीने लागले. संगणकावर मात्र आजूबाजूच्या घरांची नावं यायची आणि जायची. आपल्या घरचं नाव मध्येच दिसे, एक पट्टी दाखवी. त्यावर टिचकी मारावी तर "जोडता आले नाही".

तिने जुनी ओळख पुसून टाकली, पासवर्ड नव्याने टाकला. नवऱ्याने तो कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता. एक एक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. पुन्हा तेच. मग संगणकालाच सांगितलं, तूच शोध काय बिघडलंय ते. एक हिरवी पट्टी तीन वेळा इकडून तिकडे धावली आणि निकाल आला: कोणतीही समस्या आढळली नाही.

"घर लुटलं जातंय आणि राखणदार म्हणतोय सगळं ठाकठीक आहे," सून म्हणाली.

"त्याला फोन लाव ना," काका म्हणाले. त्याला म्हणजे मुलाला.

"ते आत गेले असतील, बाबा. फोन फाटकावर जमा असतो. एकच्या सुट्टीपर्यंत काही हाती लागायचे नाहीत."

मुलगा परगावी कारखान्यात होता, आणि घरातला संगणक म्हणजे त्याचं खातं. बिघडला की तो सुट्टीवर आल्यावर बघणार, असा रिवाज. सून टपाल कार्यालयात खिडकीवर काम करी. तिथले संगणक तिच्या बोटांखालचे होते, पण ते बिघडले की साहेब कुणाला तरी बोलवत. आज कुणाला बोलवणार? तिच्या मनात वेगळीच एक भीती होती, ती तिने अजून बोलून दाखवली नव्हती.

चार दिवसांपूर्वी कोर्टाच्या संगणक विभागातल्या बाईंनी चाचणी घेतली होती. तेव्हा चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. फक्त बाईंनी विचारलं होतं, "मागे कुणी मिक्सर लावलाय का?" तो संगणकाचा पंखा होता. धूळ खाऊन खाऊन घरघरत होता. म्हणून काल दुपारी सुनेने अर्धी रजा टाकली, सगळ्या तारा काढल्या, डबा गॅलरीत नेला, झाकण उघडलं आणि मऊ ब्रशने पंख्यातली बोटभर जाड धूळ काढली. आज चालू केला तर आवाज नव्हता. पण नेटही तेव्हापासूनच गेलं असेल तर?

तिने बाईंना फोन लावला. चौथ्यांदा उचलला.

"बोला. पटकन बोला, माझ्याकडे आज नऊ साक्षी आहेत."

सुनेने सांगितलं.

"तुमच्या फोनवर घरचं वायफाय चालतंय?"

"अगदी व्यवस्थित. त्याच खोलीत."

"मग डबी ठीक आहे. दुखणं संगणकातच आहे. तार लावून बघा थेट."

"तार हातभर लांबीची आहे, आणि डबी स्वयंपाकघराच्या दारावर. संगणकच तिकडे न्यायचा म्हटलं तर टेबल, बाबांची खुर्ची, वॉकर..."

"बरं, राहू दे. तुमच्या फोनवरून हॉटस्पॉट सुरू करा आणि फोन संगणकाच्या डब्यावर ठेवा. अगदी टेकवून. काय होतं ते बघा."

"मी फोनवरूनच बाबांना जोडून दिलं तर चालणार नाही का?"

"समन्स वाचलंत ना? मोबाईलवरून साक्ष नाही. मागे एकाने रस्त्यातून चालत चालत साक्ष दिली, तेव्हापासून साहेबांनी नियमच केलाय. आणि ऐका, दहा पंचावन्नला मी दार बंद करते. तोवर आला नाहीत तर गैरहजर. पुढची तारीख सुट्टीनंतरची, म्हणजे अडीच महिने."

फोन ठेवला गेला. अडीच महिने हा शब्द खोलीत तसाच राहिला. काकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"त्याला आणखी अडीच महिने आत बसावं लागेल," ते म्हणाले. "माझ्या वहीमुळे सुटणार होता, माझ्या खुब्यामुळे अडकणार."

"अहो बाबा, असं काही होणार नाही," सून म्हणाली, आणि ते स्वतःलाच पटत नाहीये हे तिच्या आवाजात ऐकू आलं. सव्वादहा वाजले होते.

तिने हॉटस्पॉट सुरू करून फोन डब्यावर ठेवला. यादीत तिच्या फोनचं नाव लगेच आलं, तेही भरभरून पट्ट्यांसकट. टिचकी मारताच जोडलं गेलं! "लागलं!" ती ओरडली. तिने कोर्टाचा दुवा उघडला. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पांढऱ्या पडद्यावर एक तांबडी खूण आली. पान काही उघडेना. फोनचं नेट कमी पडत असेल म्हणून तिने तो उचलून खिडकीशी नेला, तर संगणकावरच्या पट्ट्या एकेक करत गळाल्या आणि जोडणीच तुटली. परत डब्यावर ठेवला, पट्ट्या परत. हातभर लांब, गेल्या.

काका हे सगळं टक लावून बघत होते. कामाच्या वेळी त्यांचा चेहरा असाच होई, शेजारी ढोल वाजला तरी न हलणारा.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिने पुन्हा केलं.

"त्याला ऐकू येत नाहीये," काका म्हणाले. "माझ्या डाव्या कानासारखं. कानाशी लागून बोललं की कळतं, खोलीच्या त्या टोकाहून हाक मारली की नाही. बोलणारा बरोबर बोलतोय, याचे कान गेलेत. याला कान असतात का गं कुठे?"

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"बाबा... मागे दोन काळ्या दांड्या होत्या. शिंगांसारख्या."

"मग?"

"त्या मी काढल्या. काल. डबा आत सरकवताना भिंतीला अडत होत्या. मला वाटलं तारा गुंडाळून ठेवायच्या खुंट्या आहेत." तिचे डोळे भरून आले. "मीच घालवलं हो सगळं. चांगलं करायला गेले आणि..."

"टाकल्यास?"

"नाही, नाही! खणात आहेत."

"मग रडतेस कशाला? टाकल्या असत्यास तर आपण दोघं मिळून रडलो असतो." काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "अगं, शिकत होतो तेव्हा मी एक अख्खं घड्याळ जोडलं, चालू केलं, गिऱ्हाइकाला दिलं, आणि टेबलावर बघतो तर एक स्क्रू उरलेला. माझे उस्ताद म्हणाले, आता पळ. मी त्या माणसाच्या मागे बसथांब्यापर्यंत पळालो. उरलेली वस्तू सापडली की अर्धं काम झालं. आण त्या."

खणात टाचण्या, जुन्या किल्ल्या, रबरबँडांचा गुंता आणि त्याखाली त्या दोन काळ्या दांड्या, संगणकाचे अँटेना, होत्या. सून विजेरी घेऊन टेबलाखाली शिरली. डबा आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा. पितळेचे दोन बारके आटे उघडे पडलेले दिसत होते. तिने पहिली दांडी लावून फिरवली, ती तिरकी बसली. काढली, पुन्हा लावली, पुन्हा तिरकी.

"बसत नाहीये!" टेबलाखालून आवाज आला.

"घाई करू नकोस. सरळ टेकव आणि आधी उलटं फिरव."

"उलटं?"

"उलटं. हळूच. एके ठिकाणी बोटाला टिक् असं जाणवेल. आटा आट्यात पडला की कळतो. तिथे थांब आणि मग सुलटं."

टेबलाखाली पितळेवर दांडी हळूच घासली. मग, "जाणवलं, बाबा! टिक् झालं!"

"आता फिरव. फक्त बोटांनी. जोर लावशील तर आटा जाईल."

दुसरी दांडी अर्ध्या वेळात बसली. सून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं आणि कोपराला खरचटलं होतं. तिने पडद्याकडे बघितलं. घरच्या वायफायचं नाव यादीत सगळ्यात वर, सगळ्या पट्ट्या भरलेल्या. तिने टिचकी मारली. जोडलं गेलं.

दोघांनी एकदमच श्वास सोडला. दहा एकेचाळीस.

तिने कोर्टाचा दुवा पुन्हा उघडला. पान फिरलं, आणि तीच तांबडी खूण आली. तुमची जोडणी सुरक्षित नाही.

"आता काय झालं याला!" सुनेने दुसरी पानं उघडून बघितली. बातम्यांचं, टपालखात्याचं, बँकेचं. सगळीकडे तीच तांबडी खूण. तिने बाईंना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. सुटकेचा श्वास घेतला त्याला पुरतं मिनिटही झालं नव्हतं. नाकातोंडात पाणी जाणाऱ्या माणसाने काठावर हात टेकवावा आणि काठच निसटावा, तसं तिला झालं.

"काय लिहिलंय त्यात?" काकांनी विचारलं. चष्मा वहीवर होता. तो लावून ते पुढे झुकले, आणि खाली कोपऱ्यात बघून थबकले.

"हे घड्याळ कुणी लावलं?"

"कुठलं?"

"हे. कोपऱ्यातलं. एक वाजून एक मिनिट दाखवतंय."

सुनेने पाहिलं. रोज नजरेखालून जाणारी वस्तू, तिच्याकडे कोण बघतंय? तिला ती आज पहिल्यांदा दिसली.

"बंद पडलंय वाटतं."

"बंद नाही. बघ, दोन झालं. चाल बरोबर आहे, वेळ चुकीची आहे." काकांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "आता दहा बेचाळीस. तिथे एक वाजून दोन. म्हणजे नऊ चाळीसला याचे बारा वाजले होते. नऊ चाळीसला काय केलंस तू?"

"भिंतीवरचं बटण दाबलं."

"बरोबर. एरवी ते बटण चालूच असतं; काल तू तारा काढल्यास, तेव्हा हे मेलं. आज बटण दाबलंस, तेव्हा हे जन्मलं. याच्या पोटात स्वतःचा एक सेल असणार, तो संपलाय. आणि तारीख काय आहे?"

सुनेने वाचली, आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. पहिल्या महिन्याची पहिली तारीख, नऊ वर्षांपूर्वीची.

ती खाली वाकली आणि तांबड्या खुणेखालचं बारीक अक्षरांतलं वाक्य वाचू लागली. इतका वेळ ते तिने वाचलंच नव्हतं. या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही, असं काहीसं होतं.

"बाबा! पुढच्या वर्षीचा शिक्का मारून कुणी पाकीट आणलं तर मी खिडकीवर घेईन का? नाही घेणार. हा तेच करतोय. याच्या हिशेबात आज नऊ वर्षांपूर्वीचा दिवस आहे, म्हणून सगळ्या जगाचे कागद त्याला खोटे वाटतायत!"

"मग लाव की बरोबर. घड्याळच लावायचंय ना? त्यात घाबरायचं काय?"

तारीख बदलायची चौकट तिला माहीत होती. तिने वर्ष बदललं, महिना बदलला, दिवस बदलला. तासाचा आकडा टाकला, मिनिटांवर येऊन थांबली.

"सेहेचाळीस टाक," काका मनगटावर डोळे खिळवून म्हणाले. "आणि मी सांगेन तेव्हा दाब. पन्नास... पंचावन्न... अठ्ठावन्न... आता."

"सेकंदाचं कशाला हो, बाबा?"

"लावायचं तर नीट लावावं."

तिने दुवा उघडला. पान फिरलं. एक क्षण पांढरं, आणि मग कोर्टाचं निळं बोधचिन्ह, खाली चौकट, चौकटीत काकांचा चेहरा. केस विस्कटलेले, वरचं बटण उघडं. काकांनी घाईघाईने बटण लावलं. त्यांच्या मागे सून दोन्ही हात गालांवर ठेवून उभी होती आणि हसत होती. हसत होती की रडत होती, ते चौकटीत नीट कळत नव्हतं.

"आलात का?" संगणक विभागाच्या बाईंचा आवाज आला. "दहा अठ्ठेचाळीस. मला वाटलं गेलात हातचे. आणि हो, आज मिक्सर नाही."

"तो काल धुतला," काका म्हणाले.

साक्ष अकरा वाजून सात मिनिटांनी सुरू झाली. न्यायाधीशांनी शपथ दिली. वकीलबाईंनी विचारलं तसं काकांनी वही छातीशी धरून कॅमेऱ्याला दाखवली आणि नोंद वाचली. "अनुक्रमांक चार हजार एकशे सत्तावीस. मनगटी, किल्लीचं, स्टीलचं. पडल्याने बंद. बॅलन्स-चाकाची दांडी बदलली, काच नवी." मग तारीख, आणि मग घेऊन येणाऱ्याचं नाव नि पत्ता. ते नाव वाचलं तेव्हा पडद्याच्या एका छोट्या चौकटीत, दोन पोलिसांच्या मध्ये बसलेल्या दाढी वाढलेल्या तरुणाने मान वर केली.

सरकारी वकील उभे राहिले. "अकरा वर्षांपूर्वीचं घड्याळ तुम्हाला आठवतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही हो," काका म्हणाले. "मला काल काय जेवलो तेही आठवत नाही. आठवत नाही म्हणून तर लिहून ठेवतो."

"मग कोर्टासमोर असलेलं घड्याळ तेच, हे कशावरून? अशी शेकडो घड्याळं असतील."

"मागचं झाकण उघडा. आतल्या बाजूला, कडेला लागून, सुईने कोरलेला आकडा असेल. चार, एक, दोन, सात. आणि सातच्या पुढे एक टिंब. काच बदलली की मी टिंब देतो. म्हणजे पुढच्या वेळी गिऱ्हाईक म्हणालं, काच जुनीच आहे, तर भांडायला नको."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी मोहोरबंद पाकीट फोडायला सांगितलं. कोर्टाने बोलावलेला एक घड्याळजी पुढे आला आणि घड्याळ पालथं धरून झाकणाच्या फटीत पातं घालू लागला.

"साहेब, एक विनंती आहे," काका न राहवून म्हणाले. "त्यांना सांगा, सहाच्या बाजूने नको, बाराच्या बाजूने घाला. तिकडे खाच आहे. उगाच ओरखडा पडेल."

घड्याळजीने चमकून कॅमेऱ्याकडे पाहिलं, घड्याळ फिरवलं, आणि झाकण टप्पकन निघालं.

त्याच क्षणी चित्र गोठलं. घड्याळजीचा हात हवेत, न्यायाधीशांचं तोंड अर्धं उघडं. सुनेने टेबलाची कड घट्ट धरली. एक, दोन, तीन, चार. तिने टेबलाखाली त्या दोन शिंगांकडे बघितलं, जणू ती पुन्हा गळून पडली असतील. मग चित्र हललं, आणि आवाज मध्येच सुरू झाला.

"...दोन. सात. आणि पुढे एक टिंब आहे, साहेब."

"पुन्हा सांगा, साक्षीदारांना ऐकू आलं नसेल," न्यायाधीश म्हणाले.

"चार, एक, दोन, सात. आणि टिंब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि पुतण्याच्या दिशेने वळले. "तुम्ही शपथेवर सांगितलंय की हे घड्याळ तीस वर्षांत तुमच्या काकांच्या घराबाहेर गेलेलं नाही. आणि आरोपी त्या घरात दोन वर्षांपूर्वी आला. मग अकरा वर्षांपूर्वी हे घड्याळ आरोपीने दुरुस्तीला कसं नेलं?"

पुतण्या काहीतरी पुटपुटला. त्याच्या काकांचं घड्याळ असंच होतं, त्याला ते तेच वाटलं. जुन्या घरातले खण त्याने सगळे तपासले नव्हते. हे सांगताना तो एकदाही त्या तरुणाकडे बघू शकला नाही.

जोडणी संपली तेव्हा बारा वाजायला आले होते. काका खुर्चीत मागे टेकले. सून स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकून आली.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, आता त्या डब्याचं पोट उघड. सुनेने झाकण काढलं, विजेरी धरली. काकांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून डबाच टेबलावर चढवला. आत एका कोपऱ्यात रुपयाएवढा चपटा सेल होता. काकांनी चिमट्याने तो उचलला, आपल्या पेटीतला नवा बसवला, आणि सवयीने खिशातलं पेन काढून जुन्याच्या पाठीवर तारीख लिहिली.

तीनला वकीलबाईंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावायला सांगितला. सुटला, म्हणाल्या. आरोप मागे. उद्या सकाळी कागद झाले की बाहेर.

"बरं झालं," काका म्हणाले. मग फोन ठेवल्यावर परत म्हणाले, "बरं झालं गं." आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, पुसायचं काही नव्हतं तरी.

दिवसभर हाती न लागलेल्या मुलाने संध्याकाळी स्वतःहून फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, मला विचारायचं ना!" त्यावर सून इतकी हसली की तिला फोन काकांच्या हातात द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तो तरुण दारात उभा होता. दाढी केलेली, पण कपडे चार महिन्यांपूर्वीचे, अंगावर ढगळ झालेले. आत आला, काकांच्या पाया पडायला वाकू लागला तर काकांनी वॉकर मध्ये घातला.

"बस आधी. उभा राहूच नकोस, तुझं वजन किती उतरलंय."

तो बसला. त्याला खूप बोलायचं होतं, हे दिसत होतं. "काका, मला तिथे रोज वाटायचं..." एवढं म्हणाला. मग सुनेने पाणी आणून दिलं ते प्याला. "म्हणजे मी दुकानात आलो होतो तेव्हा तुम्ही मला..." असं म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधत खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. काकांनी थोडं थांबून बघितलं. त्याचे डोळे मिटले होते आणि श्वास लांब, सावकाश चालला होता.

"झोपला?" सुनेने दारातून विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

सुनेने रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली, त्याच्या हातातला पेला अलगद सोडवला, आणि दोघं आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. तो दिवस मावळेपर्यंत झोपला होता. त्याला कुणी उठवलं नाही.